उत्तर टोकाच्या दोन विमानतळांमधलं अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ: स्वतः कसा काढायचा

दोन विमानतळांची नावं टाकली की अंतर आणि वेळ सांगणारी साधनं वेबवर पुष्कळ आहेत. त्यांत ट्रोम्सो आणि लाँगइयरब्येन टाका. सुमारे ९६० किलोमीटर, दीड-पावणेदोन तास असं उत्तर येईल. मग उत्कियाग्विक आणि लाँगइयरब्येन टाका. सुमारे ३,३८० किलोमीटर, साडेचार तास. दोन्ही उत्तरं सारख्याच आत्मविश्वासाने पडद्यावर उमटतात. फरक एवढाच, की पहिल्या वाटेवर तिकीट मिळतं आणि दुसऱ्या वाटेवर प्रवासी विमानच नाही.

हा लेख या फरकाबद्दल आहे. अंतर हा भूमितीचा प्रश्न आहे आणि तो कागद-पेन्सिलीने सुटतो. प्रवासाचा वेळ मात्र वेळापत्रक, थांबे, पासपोर्टची रांग आणि धुकं मिळून ठरवतात. दोन्ही हिशेब वेगवेगळे करायला शिकलं की साधनाने दिलेला आकडा कुठवर खरा मानायचा हे आपलं आपल्याला कळतं.

आधी जागांची ओळख. लाँगइयरब्येन हे नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातलं मुख्य गाव. तिथला विमानतळ १९७५ साली सुरू झाला. सर्वसामान्य प्रवाशांसाठी नियमित विमानसेवा असलेला हा जगातला सगळ्यात उत्तरेचा विमानतळ. ट्रोम्सो हे नॉर्वेच्या मुख्य भूमीवरचं उत्तरेकडचं मोठं शहर. उत्कियाग्विक अलास्काच्या अगदी माथ्यावर आहे. २०१६ पर्यंत त्याचं अधिकृत नाव बॅरो होतं, आणि विमानतळाचा तीन अक्षरी कोड आजही जुन्या नावावरूनच आहे: बीआरडब्ल्यू. शोधताना दोन्ही नावं टाकून पाहावीत.

पायरी १: अक्षांश-रेखांश नीट उतरवून घ्या

गावाचे नव्हे, विमानतळाचे घ्यायचे. बहुतेक ठिकाणी ते अंश-मिनिटं-सेकंदांत दिलेले असतात. लाँगइयरब्येन विमानतळ ७८°१४′४६″ उत्तर, १५°२७′५६″ पूर्व. मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३,६०० ने भागून अंशांत मिळवायचं. १४ भागिले ६० म्हणजे ०.२३३, ४६ भागिले ३,६०० म्हणजे ०.०१३. एकूण ७८.२४६. तसेच बाकीचे:

लाँगइयरब्येन: ७८.२४६ उत्तर, १५.४६६ पूर्व
ट्रोम्सो: ६९.६८१ उत्तर, १८.९१९ पूर्व
उत्कियाग्विक: ७१.२८५ उत्तर, १५६.७६६ पश्चिम

इथे हमखास होणारी चूक म्हणजे ७८°१४′ हे घाईघाईत ७८.१४ असं टिपणं. एवढ्याने जागा दहा किलोमीटर दक्षिणेला सरकते. दुसरी चूक पश्चिम रेखांशाची. हिशेबात पश्चिमेचा आकडा उणे धरायचा, म्हणजे उत्कियाग्विकचा रेखांश उणे १५६.७६६. हे चिन्ह विसरलात तर काय होतं ते पुढे सांगतो, कारण ती चूक सहजी दिसत नाही.

पायरी २: नकाशावर पट्टी ठेवू नका

फोनवरचा नेहमीचा नकाशा मर्केटर पद्धतीचा असतो आणि उत्तरेकडे तो अफाट ताणला जातो. मुंबईच्या अक्षांशावर हा ताण जेमतेम सहा टक्के, लाँगइयरब्येनपाशी जवळजवळ पाचपट. लाँगइयरब्येनहून न्यू-ऑलेसुंड, स्वालबार्डवरचंच एक छोटं संशोधन-गाव, सरळ रेषेत ११० किलोमीटर आहे. नकाशावरची तेवढीच रेघ उचलून मुंबईपाशी ठेवली तर ती पाचशे किलोमीटरच्या पुढे जाईल, म्हणजे पणजी ओलांडून खाली.

घरात पृथ्वीगोल असेल तर दोरा ताणून मोजा. हे खेळणं नव्हे, चांगलं साधन आहे. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर १ सेंटिमीटर म्हणजे साधारण ४२५ किलोमीटर. उत्कियाग्विक ते लाँगइयरब्येन दोरा जेमतेम आठ सेंटिमीटर भरतो, आणि तो उत्तर ध्रुवाला जवळजवळ चिकटून जातो. सपाट नकाशावर हीच दोन गावं विरुद्ध कडांना दिसतात.

पायरी ३: जवळच्या जोडीसाठी सोपा हिशेब

ट्रोम्सो ते लाँगइयरब्येनला त्रिकोणमिती फारशी लागत नाही. अक्षांशाचा एक अंश म्हणजे १११.२ किलोमीटर, पृथ्वीवर कुठेही जवळपास तेवढाच. रेखांशाचा अंश मात्र उत्तरेकडे आखडत जातो. मुंबईला तो १०५ किलोमीटरचा आहे, लाँगइयरब्येनला साडेबावीसच्या आसपास. म्हणून रेखांशातल्या फरकाला मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं.

उत्तर-दक्षिण: ७८.२४६ वजा ६९.६८१ = ८.५६५ अंश, × १११.२ = ९५२ किलोमीटर.
पूर्व-पश्चिम: १८.९१९ वजा १५.४६६ = ३.४५३ अंश, मधला अक्षांश ७३.९६, त्याचा कोसाइन ०.२७६, ३.४५३ × १११.२ × ०.२७६ = १०६ किलोमीटर.
मग पायथागोरस: ९५२ चा वर्ग अधिक १०६ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ ९५८.

९५८ किलोमीटर. विमानवाल्यांच्या भाषेत १.८५२ ने भागून ५१७ नॉटिकल मैल. साधनं कधी ९६१ दाखवतात. त्यात कुणाचं चुकलेलं नाही. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे, तो चपटेपणा हिशेबात घेतला की या जोडीत तीनेक किलोमीटर वाढतात. प्रवाशाने त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

पायरी ४: लांबच्या जोडीसाठी खरं सूत्र

तीच सोपी रीत उत्कियाग्विकला लावून पाहा. रेखांशांतला फरक १५.४६६ वजा उणे १५६.७६६, म्हणजे १७२.२३२ अंश. सोपा हिशेब उत्तर देतो सुमारे ५,१०० किलोमीटर. साफ चूक, कारण ती रीत आपल्याला ध्रुवाभोवती गोल फिरवून आणते आणि सरळ वाट ध्रुवाजवळून जाते.

इथे गोलावरचं कोसाइन सूत्र लागतं. शब्दांत असं: दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार, अधिक दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा आणि रेखांश-फरकाच्या कोसाइनचा गुणाकार. जी बेरीज येईल ती ज्या कोनाची कोसाइन आहे तो कोन शोधायचा आणि त्याला १११.२ ने गुणायचं.

साइनचा भाग: ०.९४७१ × ०.९७९० = ०.९२७३
कोसाइनचा भाग: ०.३२०९ × ०.२०३७ × (−०.९९०८) = −०.०६४८
बेरीज ०.८६२५, कोन ३०.४ अंश, अंतर सुमारे ३,३८० किलोमीटर.

कॅल्क्युलेटर अंशांवर आहे का ते आधी तपासा. एक्सेलसारख्या तक्त्यात हे करत असाल तर तिथली त्रिकोणमिती रेडियनमध्ये (कोन मोजायच्या दुसऱ्या एककात) चालते, म्हणून आधी अंशांचे रेडियन करून घ्यावे लागतात. उत्तर भलतंच आलं तर दहातल्या नऊ वेळा हेच कारण असतं. दोन ठिकाणं अगदी जवळ असतील, काही किलोमीटरवर, तर हे सूत्र दशांशांच्या काटछाटीत घसरतं. तिथे पायरी ३ चीच रीत बरी.

उत्तर पडताळायची एक युक्ती ध्रुवाजवळ फार कामाला येते. रेखांश जवळजवळ समोरासमोर असतील, फरक १८० च्या आसपास, तर दोन्ही ठिकाणं ध्रुवापासून किती अंशांवर आहेत त्याची नुसती बेरीज करा. उत्कियाग्विक १८.७१५, लाँगइयरब्येन ११.७५४, बेरीज ३०.४७. गुणिले १११.२ म्हणजे ३,३८८. मूळ उत्तराच्या आठ किलोमीटर जवळ, तेही तोंडी!

आता त्या विसरलेल्या उणे चिन्हाबद्दल. ते विसरलं तर रेखांश-फरक १७२ ऐवजी १४१ येतो, आणि अंतर ३,३८० ऐवजी ३,२०० किलोमीटर. तब्बल ३१ अंशांची चूक, आणि अंतरात फरक जेमतेम पाच टक्के. ध्रुवाजवळ रेखांश इतके दाटलेले असतात की ढोबळ चूकही वाजवी दिसणारं उत्तर देऊन जाते. विषुववृत्तापाशी हीच चूक साडेतीन हजार किलोमीटरची झाली असती आणि लगेच डोळ्यांत भरली असती. म्हणून उत्तरेकडे आकडा बरा दिसतोय यावर समाधान मानू नका, दुसऱ्या रीतीने एकदा ताडून पाहाच.

पायरी ५: अंतरावरून हवेतला वेळ

अंतर भागिले वेग एवढंच केलं तर वेळ नेहमी कमी येतो. जेट विमान उंचीवर ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास जातं, पण वर चढताना आणि खाली उतरताना नाही. शिवाय गेट सोडल्यावर धावपट्टीपर्यंतचं रखडणं असतं. वेळापत्रकात छापलेला असतो तो ब्लॉक टाइम: एका गेटपासून सुटून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतचा. माझा ठोकताळा असा, की अंतर भागिले ८३०, अधिक अर्धा तास.

ट्रोम्सो–लाँगइयरब्येन: ९५८ भागिले ८३० म्हणजे ६९ मिनिटं, अधिक ३०, एकूण १ तास ३९ मिनिटं. या मार्गावर बोइंग ७३७ च्या वर्गातली विमानं जातात आणि वेळापत्रकातला वेळ दीड ते पावणेदोन तासांत असतो. ओस्लोहून थेट गेलात तर अंतर सुमारे २,०१५ किलोमीटर, वेळ २ तास ५६ मिनिटं. तोही जुळतो.

वारा? पूर्व-पश्चिम मार्गांवर वाऱ्याने जाण्या-येण्याच्या वेळात मोठी तफावत पडते. ट्रोम्सो–लाँगइयरब्येन मात्र जवळजवळ सरळ उत्तर-दक्षिण आहे आणि वरचा पश्चिमी वारा बहुतेक कुशीवर लागतो. ताशी १०० किलोमीटरचा वारा पूर्णपणे आडवा असेल तर पुढे जाण्याचा वेग ८३० वरून ८२४ वर येतो, बस. तोच वारा नाकासमोर असता तर ७३० झाला असता आणि प्रवास दहा मिनिटांनी लांबला असता. वाऱ्याचा नुसता वेग बघून घाबरू नये, दिशा बघावी.

साधनाच्या आकड्याशी वेळापत्रकाचा वेळ दहा-पंधरा मिनिटांनी जुळला नाही तर वेळापत्रकावर विश्वास ठेवा. कंपनीने रोजच्या अनुभवावरून तो ठरवलेला असतो.

पायरी ६: विमान आहे का?

खरं तर हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारायला हवा, पण अंतर काढल्याशिवाय त्यातली गंमत कळत नाही.

उत्कियाग्विक–लाँगइयरब्येन, ३,३८० किलोमीटर. ठोकताळ्याने ४ तास ३४ मिनिटं. प्रत्यक्षात जायचं तर एक वाट अशी: उत्कियाग्विक ते अँकरेज १,१६५ किलोमीटर, अँकरेज ते सिअ‍ॅटल २,३३०, सिअ‍ॅटल ते आइसलँडमधलं केफ्लाविक सुमारे ५,८००, तिथून ओस्लो सुमारे १,८००, आणि ओस्लोहून लाँगइयरब्येन २,०१५. एकूण तेरा हजार किलोमीटरच्या पुढे, जवळजवळ चौपट. प्रत्येक टप्प्याला ठोकताळा लावला तर नुसत्या विमानांतच सव्वाअठरा तास जातात. चार ठिकाणचे थांबे धरले आणि सगळं छान जुळलं तरी दीड दिवस. बहुतेक वेळा ओस्लोत रात्र काढावी लागते आणि दोन दिवस होतात.

याच दोन टोकांमध्ये १९२८ सालच्या एप्रिलमध्ये विमान गेलेलं आहे. ऑस्ट्रेलियाचे ह्यूबर्ट विल्किन्स आणि अमेरिकी वैमानिक कार्ल बेन आयल्सन एका इंजिनाचं लॉकहीड व्हेगा घेऊन बॅरोहून निघाले आणि ध्रुवाला बाजूला ठेवत २० तास २० मिनिटांनी स्वालबार्डला उतरले. शेवटी वादळ गाठलं म्हणून एका निर्जन बेटावर उतरावं लागलं आणि पाच दिवस विमानातच अडकून पडावं लागलं. ते पाच दिवस सोडले तर लाकडी विमानातली ही दोन माणसं आजच्या तिकीटधारी प्रवाशाच्या आधी पोचली असती. आणि धरले तर ‘उड्डाणाचा वेळ’ आणि ‘प्रवासाचा वेळ’ यांतला फरक इतका चोख दाखवणारं दुसरं उदाहरण मला सापडलेलं नाही.

म्हणून अंतर काढल्यावर लगेच विमानतळाचं येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांचं पान उघडा आणि तुमच्या तारखेच्या आसपासचे सात दिवस पाहा. एक दिवस पाहून चालत नाही. उत्तरेकडच्या सेवा ऋतूप्रमाणे बदलतात आणि आठवड्यातले ठरावीक वारच विमान असतं असंही होतं. एप्रिलचं वेळापत्रक बघून नोव्हेंबरचं गृहीत धरू नये.

पायरी ७: जमिनीवरचा वेळ

भारतीय पासपोर्टवाल्यांनी ही पायरी दोनदा वाचावी. स्वालबार्ड नॉर्वेच्या ताब्यात असलं तरी शेंगेन क्षेत्राबाहेर, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर आहे. १९२० च्या स्वालबार्ड करारामुळे तिथे जायला वेगळा व्हिसा लागत नाही. त्या करारावर भारताचीही सही आहे, ब्रिटिश अमलातली. पण तिथे पोचायची वाट नॉर्वेतून जाते, त्यासाठी शेंगेन व्हिसा लागतो, आणि लाँगइयरब्येनला गेलात की तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडलेले असता. परत येताना दुसरा प्रवेश होतो. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर परतीची वाट बंद! दोन किंवा अनेक प्रवेशांचाच मागा.

याचा वेळेवर परिणाम असा, की ओस्लोहून ट्रोम्सोमार्गे जाणाऱ्या विमानातल्या प्रवाशांना ट्रोम्सोत उतरून पासपोर्ट तपासणी करून पुन्हा त्याच विमानात बसावं लागतं. हातातलं सामान बरोबर घ्या, आणि ‘थेट विमान आहे, झोपून जाऊ’ हा बेत सोडा.

हवामानासाठी वेगळा वेळ राखा. स्वालबार्डवर मोठ्या जेट विमानाला उतरायला दुसरी सोयीची धावपट्टी नाही. लाँगइयरब्येनला उतरता आलं नाही तर विमानाला मुख्य भूमीकडे वळावं लागतं, म्हणजे पुन्हा तेवढेच शेकडो किलोमीटर. परतीच्या आंतरराष्ट्रीय विमानाआधी एक पूर्ण दिवस मोकळा ठेवावा, असं मी म्हणेन. पैसे वाचवायला हा दिवस कापणारे लोक नंतर त्याच्या कितीतरी पट खर्च करतात.

पायरी ८: घड्याळं

ट्रोम्सो आणि लाँगइयरब्येन एकाच वेळेवर चालतात, प्रश्न मिटला. भारताच्या मागे उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार.

उत्कियाग्विक आणि लाँगइयरब्येनमध्ये दहा तासांचा फरक आहे, आणि तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या ठिकाणची असते. सोमवारी सकाळी १० ला उत्कियाग्विकहून निघालात आणि एकूण ४० तास लागले, तर तुमच्या मनगटावर बुधवारी पहाटेचे २ असतील आणि लाँगइयरब्येनच्या भिंतीवर बुधवारी दुपारचे १२. परतताना उलटं. बुधवारी दुपारी १२ ला निघून तेच ४० तास घेतले तर तिकिटावर गुरुवार संध्याकाळी ६ दिसेल, जणू प्रवास तीसच तासांचा. गोंधळ टाळायचा तर दोन्ही वेळा आधी यूटीसीमध्ये, म्हणजे जगभरच्या एकाच प्रमाणवेळेत, करा आणि मगच वजाबाकी करा.

अजून एक खोच आहे. घड्याळ पुढे-मागे करायच्या अमेरिकेच्या आणि युरोपच्या तारखा वेगळ्या. मार्चमधले दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबरअखेरचा एक आठवडा हा फरक दहाऐवजी नऊ तासांचा असतो. लाँगइयरब्येनला साधारण २० एप्रिल ते २३ ऑगस्ट सूर्य मावळत नाही आणि ऑक्टोबरअखेरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उगवत नाही, त्यामुळे बाहेर बघून सकाळ की रात्र हे ठरवता येत नाही. फोन २४ तासांच्या घड्याळावर ठेवा.

छोट्या विमानाचा शेवटचा टप्पा

आपल्याकडच्या माणसांचं खरं येणं-जाणं याच टप्प्यावर आहे. गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. त्याचं ‘हिमाद्री’ हे संशोधन स्थानक न्यू-ऑलेसुंडला १ जुलै २००८ रोजी सुरू झालं. वास्कोहून निघालेल्या संशोधकाला ओस्लो आणि लाँगइयरब्येन करून शेवटी हे ११० किलोमीटर ओलांडावे लागतात.

इथे जेटचा ठोकताळा लावू नका. या मार्गावर दोन पंख्यांचं छोटं डॉर्निअर २२८ जातं. याच जातीची विमानं कानपूरला हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्येही बनतात. वेग ताशी साडेतीनशेच्या आसपास धरा आणि वर अर्ध्या तासाऐवजी पाच-सात मिनिटं. सुमारे २५ मिनिटं येतात. न्यू-ऑलेसुंडची धावपट्टी खडीची आणि जेमतेम ८०० मीटरची आहे, त्यामुळे मोठं विमान तिथे येऊच शकत नाही. ही सेवा गावात काम असलेल्यांसाठी आहे, जागा मोजक्या, सामानाचं वजन काटेकोर. धुकं उतरलं तर हे २५ मिनिटांचं अंतर लाँगइयरब्येनमध्ये एक-दोन मुक्काम करायला लावतं.

निघण्याआधी परतीच्या सगळ्या विमानांच्या वेळा, स्थानिक आणि यूटीसी दोन्ही, कागदावर लिहून घ्या. न्यू-ऑलेसुंडला रेडिओ दुर्बिणींना अडथळा होऊ नये म्हणून वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावं लागतं. तिथे खिशातला फोन वेळापत्रक शोधून देणार नाही.